दात उमटले, पण कागद कुठे आहे?

२०२४ या एका वर्षात देशात ३७ लाखांहून अधिक लोकांना कुत्री चावली, अशी माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली. त्यात महाराष्ट्राचा आकडा पावणेपाच लाखांच्या वर, म्हणजे देशात सर्वाधिक होता. त्याच वर्षी रेबीजचे संशयित मृत्यू सरकार दरबारी नोंदले गेले फक्त ५४! आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत घरोघरी जाऊन जी पाहणी केली, तिचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला ५,७२६ मृत्यूंचा आहे. ५४ कुठे आणि पावणेसहा हजार कुठे? मधली माणसे गेली कुठे? ती मेली, परंतु त्यांच्या मरणाचा कागद तयार झाला नाही. ज्याचा कागद नाही तो या व्यवस्थेत मेलेलाही नसतो आणि जखमीही नसतो.

ही माणसे कोण असतील, हे आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. अहमदनगर जिल्हाच घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले. पहाटे पाचला हातात झाडू घेऊन शहरातल्या बोळात शिरणारी सफाई कामगार बाई, उकिरड्यावर भंगार वेचणारे पोर, प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात फडाच्या कडेला कोपी टाकून राहणारे ऊसतोड कुटुंब, बागायतदाराच्या शेतवस्तीवर साल धरलेला गडी. कुत्र्याच्या तोंडी पहिल्यांदा ही माणसे लागतात. बंगल्यातल्या माणसाला कुत्रे चावतच नाही असे नाही. परंतु त्याच्याकडे मोटार असते, ओळखीचा डॉक्टर असतो, वकील असतो आणि फाटकावर कॅमेरा असतो. आपल्याकडे काय असते? हळद, मिरचीपूड आणि देवर्षी!

म्हणून या लेखात कुत्र्यांवर लिहायचे नाही, पुराव्यावर लिहायचे आहे. भरपाईचा दावा न्यायालयात हरला जातो हा आपला समज चुकीचा आहे. तो पहिल्या सात दिवसांतच हरला जातो, कारण त्या सात दिवसांत जे जमवायचे ते कुणी जमवत नाही.

आधी एक विसंगती पाहा. उत्तर नगर जिल्ह्यात उसातून बिबट्या निघून माणसावर झडप घालतो, तेव्हा वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो, आणि मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख रुपये देण्याचा शासनाचा निर्णय आहे. जखमीलाही ठरलेली रक्कम मिळते. ज्या प्राण्यांच्या हल्ल्यासाठी ही मदत आहे, त्या यादीत रानकुत्रासुद्धा आहे. जंगलातला कुत्रा चावला तर सरकार जबाबदार. आणि गावातला चावला तर? तिथे तुमचे तुम्ही! दुसरी योजना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाची. जनावराच्या चाव्याने आलेला मृत्यू तिच्यात बसतो, दोन लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला सदस्य असावे लागते, सातबारा लागतो. ज्यांच्या बापजाद्यांना जमीन मिळू दिली नाही, त्या भूमिहीन मजुराने सातबारा आणायचा कुठून? एकाच बांधावर मालक आणि मजूर दोघांना एकच पिसाळलेला कुत्रा चावला, तर मालकाच्या वारसाला अनुदान आणि मजुराच्या वारसाला सांत्वन. हा योजनेच्या कागदातच लिहिलेला भेद आहे.

तेव्हा आपल्या माणसाला राहतो तो नुकसानभरपाईच्या दाव्याचा मार्ग, आणि दावा पुराव्यावर उभा राहतो.

पहिला पुरावा म्हणजे जखम. ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. पुरावा पुसला जाईल या भीतीने धुणे टाळायचे नाही, कारण रेबीज झाल्यावर त्यावर उपचार नाही. धुऊन झाल्यावर, पट्टी बांधण्याआधी, मोबाईलने फोटो काढायचे: एक लांबून, ज्यात चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील, एक जवळून, शेजारी शाळकरी मुलाची मोजपट्टी धरून. मोजपट्टी कशाला? तर नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचे एक माप घालून दिले. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार. त्या राज्यांत अशा अर्जांसाठी जिल्ह्याच्या उपायुक्ताच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमायलाही सांगितले. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वकील त्याचा दाखला देऊ शकतो. आता ज्याच्या केस पेपरवर नुसते "कुत्रा चावला, लस दिली" एवढेच लिहिले आहे, त्याचे दात कुणी मोजायचे? जखम महिन्याभरात भरून येते. नंतर न्यायाधीशाला पाय दाखवून उपयोग नसतो.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना नम्रपणे, परंतु ठामपणे सांगायचे: साहेब, केस पेपरवर जखमा किती, कुठे, किती लांब-खोल, दाताच्या खुणा किती, कोणत्या श्रेणीची जखम, हे लिहा. कुत्रा पाळीव की मोकाट, चावला कुठे आणि किती वाजता, हेही लिहा. कातडी फाटून रक्त आले असेल तर ती तिसरी श्रेणी. अशा वेळी लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते केंद्रात उपलब्ध नसेल, तर "उपलब्ध नाही, पुढे पाठविले" असे लिहून घ्यायचे. हे एक वाक्य पुढे मोठ्या कामाचे ठरते. पाळीव कुत्र्याचे प्रकरण असेल तर वैद्यकीय-न्यायिक नोंद, म्हणजे ज्याला दवाखान्यात एम.एल.सी. म्हणतात, ती करायला सांगायची. लसीचे कार्ड जपायचे. त्वचेत लस देतात तिथे शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस हे दिवस असतात. प्रत्येक तारीख कार्डावर चढली पाहिजे. दोन डोस घेऊन तिसऱ्याला फडावर निघून गेलेल्या माणसाला समोरचा वकील विचारणारच की, दुखणे एवढे होते तर डोस का चुकवला? जुन्या माणसांच्या डोक्यात अजून पोटातली चौदा इंजेक्शने आहेत, आणि त्या धाकाने काही जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. ती लस देशात २००५ च्या आतच बंद झाली. हे आपल्या वस्तीत एकदा मोठ्याने सांगितले पाहिजे.

फाटलेला, रक्ताचा कपडा धुवायचा नाही. वाळवून कागदात गुंडाळून ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो. फोटो ज्या मोबाईलवर काढले तो मोबाईल आणि त्यातले मूळ फोटो जपायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला पुरावा न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ फोटो पुसून टाकून व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत कुणी आणून दिली, तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

आता कुत्रा. वस्तीतल्या तरुणांचा पहिला विचार काठी घेऊन कुत्रे मारून टाकण्याचा असतो. हा संताप समजतो, पण त्यात तिहेरी नुकसान आहे. कुत्रे मारणे गुन्हा आहे. मार खाल्लेल्यावरच पोलीस केस व्हायला वेळ लागत नाही. दुसरे, चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, तो जगतो की मरतो यावर डॉक्टरांचे पुढचे निर्णय ठरतात. आणि तिसरे, तो कुत्रा हाच तुमचा पुरावा आहे!

विशेषतः पाळीव कुत्र्याच्या बाबतीत. मालकाचे पहिले वाक्य ठरलेले असते: तो कुत्रा माझा नाही, इकडे येऊन बसतो, भाकरतुकडा टाकतो एवढेच. हे वाक्य उच्चारायला त्याला संधीच द्यायची नाही. चावल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीला आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला एक साधा अर्ज द्यायचा: अमुक वस्तीवरील अमुक यांच्या मालकीचा, तपकिरी रंगाचा, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा मला अमुक दिवशी चावला आहे, त्याला दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवावे आणि त्याच्या लसीकरणाची माहिती द्यावी. दिसायला हा आरोग्याचा अर्ज आहे. कुणी त्याला भांडण म्हणू शकत नाही. परंतु त्यातून मालकाचे नाव, कुत्र्याचे वर्णन आणि तारीख सरकारी आवक रजिस्टरमध्ये चढते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठायचे नाही. तोंडी सांगितलेले सरपंचाला दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

सर्वांत बिकट अवस्था सालगड्याची. त्याला मालकाचाच कुत्रा चावतो, मालकाच्याच अंगणात. मालक त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून खासगी दवाखान्यात नेतो, सुई देतो, हातावर दोन-तीनशे रुपये ठेवतो, दोन दिवस सुट्टी देतो. गडी म्हणतो, मालक देवमाणूस! चिठ्ठ्या आणि बिले मात्र मालकाच्या खिशात जातात. पुढे जखम चिघळली, पाय अधू झाला, की गड्याजवळ एकही कागद नसतो आणि साक्षीदार म्हणून असतो तो मालक, त्याची बायको आणि दुसरा गडी, जो त्याच मालकाची उचल फेडतो आहे. साक्षीदार फितूर होणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला खर्ड्याने शिकविले आहे. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यात आपल्या कोवळ्या पोराचा जीव घेतला गेला, साक्षीदार एकामागून एक फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. खुनाच्या खटल्यात जे गाव बोलत नाही ते कुत्र्याच्या चाव्यात बोलेल, अशी आशा कुणी धरू नये. म्हणूनच माणसाच्या जिभेवर कमी आणि कागदावर जास्त भिस्त ठेवायची. गड्याने मालकाने नेलेल्या दवाखान्यात उपचार घेतले तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन आपल्या नावाचा केस पेपर काढावा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

साक्षीदार लागतातच, नाही असे नाही. पण त्यांची नावे, फोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्यावेत. मुंबईतली दोन प्रकरणे पाहण्यासारखी आहेत. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये रॉटवायलर जातीचा कुत्रा एका वृद्धाला चावला. मोटारीत कुत्रा गुरगुरत असताना दार उघडू नको असे सांगूनही मालकाने दार उघडले, असा तो प्रकार. २०२३ च्या प्रारंभी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. तेरा वर्षांनी! दुसरे वरळीचे, २०१८ मधले: लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला. मालक कुत्र्याला ओढत लिफ्टमध्ये आणतो आहे, हे कॅमेऱ्यात दिसले आणि मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. एका ठिकाणी आधी दिलेली सूचना कामी आली, दुसऱ्या ठिकाणी कॅमेरा. आपल्या वस्तीत लिफ्ट नाही. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पतसंस्थेच्या दारात, पेट्रोल पंपावर हल्ली कॅमेरा असतो, आणि त्यातले चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी दुकानदाराला आणि पोलिसांना लगेच द्यायची. आणि आधीची सूचना? ती आपल्यालाही करता येते. कुणाचा कुत्रा वारंवार अंगावर येत असेल, तर चावण्याची वाट न पाहता ग्रामपंचायतीला लेखी तक्रार द्यावी. मालकाला आधीपासून माहीत होते, हे सिद्ध झाले की निष्काळजीपणा सिद्ध करणे सोपे जाते.

पोलीस ठाण्यात काय होते हे सर्वांना माहीत आहे. "कुत्र्याची कसली केस घेऊन आलात?" असे म्हणून अदखलपात्र नोंद करून पाठवतात. परंतु पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाणेदाराने गुन्हा नोंदविला नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी, रजिस्टरची पावती जपावी, आणि तिथेही काही झाले नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे.

कुत्रा अंगावर सोडला असेल, तर मात्र प्रकरण वेगळेच. जनावराच्या साहाय्याने इजा करणे हे जुन्या दंडविधानाच्या कलम ३२४ मध्ये स्पष्ट लिहिलेले होते, आता ते न्याय संहितेच्या ११८(१) मध्ये आहे. आणि हे ३२४ कलम ॲट्रॉसिटी कायद्याच्या परिशिष्टात आहे. जात माहीत असताना आपल्या माणसावर कुत्रा छू केला, तर कलम ३(२)(व्हीए) लागते, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि नियमांप्रमाणे अर्थसाहाय्यही मिळते. महाडच्या तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी चालत होते आणि माणसाला चालत नव्हते. त्याच मनोवृत्तीचा माणूस आज कुत्र्याची साखळी सोडतो. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुत्रा सोडला याचा पुरावा नसताना, नुसता सवर्णाचा कुत्रा चावला म्हणून ॲट्रॉसिटी लावायला काही उत्साही कार्यकर्ते धावतात. त्याने खरी प्रकरणे कमजोर होतात. मालक काय बोलला, साखळी कुणाच्या हातात होती, किती अंतरावरून सोडली, कुणी ऐकले, हे फिर्यादीत पहिल्याच दिवशी आले पाहिजे. आठवड्याने पुरवणी जबाबात आले की त्याची किंमत निम्मी होते.

मोकाट कुत्र्याच्या बाबतीत प्रतिवादी म्हणजे नगरपालिका, महापालिका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचे काम आहे. ते झाले की नाही, हे माहिती अधिकारात विचारायचे: गेल्या तीन वर्षांत किती कुत्र्यांची नसबंदी केली, ठेका कुणाला, बिल किती निघाले, आमच्या प्रभागातून किती तक्रारी आल्या आणि त्यावर काय केले? दहा रुपयांत उत्तर मिळते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फुकट. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारांना कुंपण घालून तिथली मोकाट कुत्री हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितले. तेव्हा चावा अशा आवारात झाला असेल तर जागेचा फोटो, मोडक्या कुंपणाचा फोटो घ्यायला विसरू नये.

सफाई कामगाराचे आणखी एक आहे. कामावर असताना कुत्रा चावला तर तो कामावरचा अपघात आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण कामावरच्या इजेला भरपाई हे तत्त्व कायम आहे. ठेकेदार म्हणतो, ही बाई आमच्या हजेरीवर नव्हती! त्यासाठी हजेरीपत्रकाचा फोटो, ओळखपत्र, पगार जमा झालेले बँक पासबुक आणि मुकादमाने सकाळी नेमून दिलेल्या रस्त्याचे नाव, एवढे हाताशी हवे. बुडालेल्या मजुरीचाही हिशेब ठेवावा. ऊसतोडीत जोडप्याची कोयता म्हणून एकत्र उचल असते. एकाला चावले की दोघांचे काम बुडते, हे न्यायालयाला आपोआप कळत नाही. मुकादमाच्या वहीतली, कारखान्याच्या स्लिपवरची टने आधीची आणि नंतरची लावून दाखवावी लागतात.

महापालिकेविरुद्ध दावा लावण्याआधी महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. हे सहा महिने घटना घडल्यापासून धावू लागतात. शेवटचे इंजेक्शन घेऊन, गावी जाऊन, मग पाहू म्हणणाऱ्याची मुदत कोपीतच संपते. वकिलाला पैसे नाहीत ही सबब अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे त्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, महिला आणि मुलांनाही मिळतो. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते. जाताना जातीचा दाखला, केस पेपर, लसीचे कार्ड आणि आवक क्रमांक असलेली अर्जाची प्रत, यांच्या दोन-दोन झेरॉक्स न्याव्यात. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नयेत, आपल्या वकिलाच्यासुद्धा पोहोच घेतल्याशिवाय नाही.